घडीचा फोन आणि आमचा ळ

सीमाभागातल्या मराठी कार्यक्रमांत एक तक्रार आता ठरलेली झाली आहे. भाषणे संपून चहाचे पेले फिरू लागले की कोणी ज्येष्ठ कार्यकर्ता म्हणतो, “पोरं मराठी बोलतात हो, पण लिहितात सगळं इंग्रजी अक्षरांत.” मग शाळांना, पालकांना, दूरचित्रवाणीला यथेच्छ दोष दिला जातो. आमचे मत निराळे आहे. ही सवय आजच्या पोरांच्या जन्माआधीची, निदान त्यांच्या बाळपणातली आहे. ती ज्या वस्तूने लावली ती वस्तू आमच्या पिढीने मोठ्या हौसेने, पदरचे पैसे मोजून घरी आणली होती. घडीचा, रंगीत पडद्याचा, छायाचित्रे काढणारा आणि गाणी वाजवणारा मोबाइल फोन ही ती वस्तू.

इंग्रजीत त्याला फ्लिप फोन म्हणतात. आमच्या बाजारात ‘फोल्डिंगचा मोबाइल’ हे नाव चालत असे. आम्ही येथे ‘घडीचा फोन’ म्हणणार आहोत. खुर्ची घडीची असते, छत्री घडीची असते, चाकूसुद्धा घडीचा असतो. फोन का नसावा?

मधोमध पुस्तकासारखा मिटणारा पहिला प्रसिद्ध फोन म्हणजे 1996 चा मोटोरोलाचा स्टारटॅक. त्याचे वजन 88 ग्रॅम होते आणि तो बोलण्यापुरताच होता. घडीच्या फोनला खरे वैभव आले ते 2004 साली, मोटोरोलाच्याच रेझर व्ही 3 या फोनने. जाडी 13.9 मिलिमीटर, वजन 95 ग्रॅम, अॅल्युमिनियमचे अंग, धातूच्या एकाच पत्र्यात कोरलेला कळफलक. आत 176 गुणिले 220 बिंदूंचा रंगीत पडदा, बाहेरच्या झाकणावर आणखी एक छोटा रंगीत पडदा, 640 गुणिले 480 बिंदूंचे चित्र टिपणारा कॅमेरा, ब्लूटूथ, चित्रफीत पाहण्याची सोय आणि या सर्वांसाठी मिळून स्मृती केवढी, तर साडेपाच मेगाबाइट. आज एखादे सकाळचे ‘सुप्रभात’ चित्रही एवढी जागा खाते. त्या मालिकेचे 13 कोटींहून अधिक फोन जगभर विकले गेले, आणि पुढची तीन-चार वर्षे प्रत्येक कंपनीने आपापला घडीचा फोन काढला.

त्यांपैकी एक आमच्याकडे 2005 च्या गणपतीत खडे बाजारातून आला. त्याच्या कंपनीचे नाव सांगण्यात काही हशील नाही. दुकानदार आमच्या परिचयाचे. त्यांनी पेटी उघडून एकेक वैशिष्ट्य असे दाखवले की जणू पैठणीचा पदर उलगडत होते: हा आतला पडदा, हा बाहेरचा, हा कॅमेरा, हे ध्वनिमुद्रण, ही चित्रसंदेशाची सोय, ही बहुस्वरी घंटा. सगळे पाहून झाल्यावर आम्ही विचारले, “मराठीत लिहिता येतं का?” ते क्षणभर थांबले. “कन्नडही येत नाही काका,” ते म्हणाले, आणि त्यांच्या परीने ते आमचे सांत्वनच होते.

भाषांची यादी उघडून आम्ही स्वतः पाहिली. इंग्रजी होती. काही युरोपीय भाषा होत्या, ज्या बेळगावात कोणी बोलत नाही. आपल्याकडची एकही नव्हती.

आधी त्या बाहेरच्या पडद्याबद्दल सांगतो, कारण तोच या फोनचा सर्वांत मिरवण्यासारखा भाग होता. फोन न उघडता कोण बोलावत आहे ते त्यावर दिसे. दिसे ते रोमन अक्षरांत. पाटील, देसाई, जाधव यांचे त्यात काही बिघडत नसे. ओळखीची नावे डोळा आपोआप वाचतो. पण आपल्या भाषेतील ज्या जोड्या रोमन लिपी एकाच अक्षरात कोंबते, त्या सर्व या बोटभर पडद्यावर येऊन एक झाल्या. ण आणि न, ट आणि त, ड आणि द, आणि सर्वांत जास्त हाल झालेला तो ळ. के-ए-एल-ए एवढी अक्षरे लिहिली की त्यांतून काळा, काला, कला, कळा यांपैकी काहीही निघू शकते. माळी आणि माली, वेळ आणि वेल, पाणी आणि पानी, मूळ आणि मूल. बोलताना ज्यांच्यात कोणी शेंबडे पोरही गोंधळ करत नाही, ते शब्द लिहिताना एकमेकांचे सोंग घेऊ लागले.

यावर ‘संदर्भाने कळते’ असे उत्तर दिले जाते. पुष्कळदा कळतेच. नेहमी कळत नाही, हे आम्ही त्याच वर्षी अनुभवले. 2005 साली 1 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आले होते. त्याच दिवशी राज्य सरकारचा कन्नड राज्योत्सव आणि त्याच दिवशी, 1956 पासूनच्या अन्यायाची आठवण म्हणून, आम्हा मराठी भाषकांचा काळा दिन. आठवडाभर आधी आम्ही ओळखीच्या लोकांना फोनवरून निरोप धाडला, अर्थातच रोमन अक्षरांत. पुण्याच्या भाच्याचे लगेच उत्तर आले: “मामा, कला दिनाचा कार्यक्रम दिवाळी पहाटेचा आहे का? गाणं कोणाचं आहे?” त्या पोराचे काय चुकले? दिवाळीच्या दिवशी पुणेकराने ती चार अक्षरे ‘कला’ अशीच वाचायची. आम्ही हसलो, मग हसू ओसरल्यावर लक्षात आले की ज्या शब्दावर आमच्या चळवळीचा एक अख्खा दिवस उभा आहे, तो शब्द आमच्या खिशातल्या यंत्राला लिहिताच येत नाही.

देवनागरीची सोय असलेल्या फोनवरून तो निरोप धाडला असता तर काय झाले असते, याचा हिशेब पुढे आम्ही मांडला. तो वाचकांनीही करून पाहावा, कारण त्यातच रोमन सवयीचे आर्थिक मूळ आहे. एका एसएमएसची धारणाशक्ती 140 बाइट. त्यासाठी ठरलेली मूळ वर्णसारणी सात बिटांची, म्हणजे 128 स्थानांची. त्या वर्णांत लिहिले तर 160 अक्षरे मावतात. त्या 128 स्थानांत इंग्रजी वर्णमाला आहे, स्कँडिनेव्हियातील भाषांचे खास वर्ण आहेत, पौंड आणि येन यांची चिन्हे आहेत, ग्रीकांची दहा मोठी अक्षरेही आहेत. ही सारणी युरोपात तयार झाली आणि आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपुरते तिने पाहिले. त्याबद्दल राग नाही. पण सारणीबाहेरचे एक जरी अक्षर निरोपात आले तरी सगळा निरोप दोन-दोन बाइटांच्या अक्षरांत लिहावा लागतो, आणि मग मावतात फक्त 70 अक्षरे.

ही 70 म्हणजे आपली 70 अक्षरेही नव्हेत. युनिकोडात मात्रा वेगळी मोजतात, अनुस्वार वेगळा, हलन्ताचा पाय वेगळा. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपण म-हा-रा-ष्ट्र असा चार अक्षरांचा मानतो. यंत्राच्या मोजणीत तो दहा वर्णांचा आहे. ‘संयुक्त महाराष्ट्र’ एवढे लिहिले की मधल्या मोकळ्या जागेसह 18 गेले, म्हणजे निरोपाचा पाव भाग संपला. आता आमचा निरोप पाहा: “मंगळवार, 1 नोव्हेंबर. काळा दिन. सकाळी 9 वाजता मूक सायकल फेरी. अवश्य या”. हे मोजले तर बरोबर 70 भरतात. ‘या’पुढे पूर्णविराम दिला की 71 होतात, एकाचे दोन एसएमएस होतात आणि पैसे दुप्पट लागतात. शिवाय फेरी निघणार कोठून, हे सांगायचे राहिलेच. हाच मजकूर रोमन अक्षरांत ठिकाण, दूरध्वनी क्रमांक आणि वर ‘आपला नम्र’ एवढे सगळे घालून एका संदेशात बसे. त्यातून सणावाराला कंपन्यांचे सवलतीचे एसएमएस चालत नसत, पूर्ण दर लागे. त्यांच्या लेखी तेही ‘ब्लॅकआउट डे’च. शंभर लोकांना निरोप धाडणाऱ्या सामान्य कार्यकर्त्याने कोणती लिपी निवडावी अशी अपेक्षा होती?

बरे, रोमन अक्षरे पत्करली तरी सुख होते असे नाही. त्या फोनांत शब्द ओळखण्याची युक्ती असे: प्रत्येक कळ एकदाच दाबायची, कोणता शब्द हवा ते यंत्र आपल्या कोशावरून ठरवणार. कोश अर्थात इंग्रजी. ‘आई’ लिहायला दोन, दोन, चार या कळा दाबाव्यात, तर त्याच कळांचा इंग्रजी शब्द ‘बॅग’. ‘ताई’चा ‘टॅग’. ‘काय’ विचारावे तर ‘लॉ’. ‘आहे’चे ‘एज’. आणि ‘ये’ म्हणून कोणाला बोलावले तर नऊ, तीन या कळांतून उमटे ‘वी’, म्हणजे आम्ही. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी माहेरी आईऐवजी बॅग रवाना केली आणि ती युक्ती कायमची बंद केली. मग एकेक कळ दोनदा, तीनदा दाबत अक्षरे जुळवणे आले; त्यात अंगठा दुखे, म्हणून स्वर गळू लागले. ‘आहे’चे केवळ ‘आ-ह’ झाले, ‘नाही’चे ‘न-ह’. आज मुलांच्या संदेशांत जी हाडे उरलेली मराठी दिसते, तिचे मांस त्या बारा कळांनी ओरबाडले आहे.

यावर कोणी म्हणेल की त्या काळी तंत्रच तेवढे होते. बारा कळांवर इंग्रजीखेरीज दुसरी लिपी बसणार कशी? हा युक्तिवाद आम्ही अनेक शिकल्यासवरल्या तोंडून ऐकला आहे. त्याचे उत्तर जपानात आहे. घडीचा फोन जेवढा जपानात रुजला तेवढा क्वचितच कोठे रुजला असेल, आणि जपान्यांनी तो पहिल्यापासून आपल्या लिपीत वापरला. त्यांच्या फोनवर एकच्या कळेवर अ, इ, उ, ए, ओ हे पाच स्वर. दोनच्या कळेवर क-कारादी पाच अक्षरे. मग स, त, न, ह, म, य, र अशी एकेका कळेवर एकेक ओळ आणि शून्यावर व. कानाने ओळखावे आणि अंगठ्याने दाबावे, एवढी सरळ रचना.

त्या क्रमाकडे मराठी माणसाने जरा थांबून पाहावे. अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. जपानी स हा आपल्या च-वर्गाच्या जागी आहे. त्यांचा ह पूर्वी प होता असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणून तो प-वर्गाच्या जागी, म च्या आधी आहे. मग य, र, व. म्हणजे कंठापासून ओठांपर्यंत येणारी ही आपलीच वर्णमाला. बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् लिपी आणि संस्कृतचे वर्णशास्त्र चीनमार्गे जपानात गेले, आणि जपानी अक्षरांचा हा क्रम त्यावरून बसवला गेला, हे आता सर्वमान्य आहे. भारतीय वैयाकरणांनी उच्चारस्थानांवरून लावलेला क्रम जपानच्या घडीच्या फोनवर शाळकरी पोरे रोज दाबत होती. त्या वैयाकरणांच्या देशात मात्र त्याच आकाराच्या फोनवर दोनच्या कळेवर ए, बी, सी.

आमची वर्णमाला तर बारा कळांसाठीच घडवल्यासारखी आहे. क-वर्गाला एक कळ, च-वर्गाला एक, ट, त, प यांना एकेक, अंतस्थांना एक, उष्म्यांना एक, स्वरांना आणि मात्रांना उरलेल्या. तिच्यात अडचण नाही असे आम्ही म्हणणार नाही. वर्गाचे शेवटचे अक्षर यायला कळ पाच वेळा दाबावी लागते, आणि मराठीत न व म यांवाचून वाक्य पुढे सरकत नाही. ‘मन’ लिहायला दहा दाब, ‘नमन’ लिहायला पंधरा. पाणिनीला वारंवारितेची चिंता नव्हती. पण ही अडचण सोडवण्यासारखी होती. अक्षरांचे संकेतांक तर केव्हाचे ठरलेले होते: भारतीय लिप्यांचे आय.एस. 13194 हे मानक 1991 चे आणि युनिकोडाची पहिली आवृत्तीही 1991 चीच; दोन्हींत देवनागरी आहे, दोन्हींत ळ आहे. साडेपाच मेगाबाइटांत चित्रफीत मावत होती. टंकाला त्याचा लहानसा कोपरा पुरला असता.

त्याहून बोलका पुरावा आपल्याच गल्लीत होता. त्याच सुमारास नोकियाचा 1100 हा टॉर्चवाला फोन आला. ना रंग, ना कॅमेरा, ना गाणी. 25 कोटींहून अधिक खपलेल्या या साध्या फोनवर आणि त्याच्यामागून आलेल्या स्वस्त फोनांवर भारतात हिंदी आली, आणि पुढे काही वर्षांत त्या वर्गातल्या फोनांवर मराठी, कन्नड आणि इतर भाषाही आल्या. म्हणजे अक्षरे बसवता येत होती. ती कोणासाठी बसवायची याची निवड झालेली होती. जो शेतात जातो, ज्याला टॉर्च लागते, त्याला देशी भाषा. जो दोन पडदे आणि कॅमेरा विकत घेतो त्याला इंग्रजी येतच असणार. मराठी ही गरजेची भाषा आणि इंग्रजी ही हौसेची भाषा, हा निवाडा कोणत्याही आयोगाने दिला नव्हता. तो फोनच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात खालच्या आणि वरच्या फळीवर मांडून ठेवला होता. आम्हा सीमावासीयांना सरकारी कागदांवरील भाषेसाठी मोर्चे काढायची सवय आहे. या कपाटाविरुद्ध मोर्चा काढावा असे तेव्हा कोणाच्याही मनात आले नाही.

आणि हिंदी आली म्हणून मराठीचे भागले असेही नाही. इंदूरला आमची मावसबहीण आहे. तिने हिंदीच्या सोयीचा फोन घेतला आणि मोठ्या अभिमानाने आम्हाला देवनागरीत पहिला निरोप धाडला. तो तिला तिच्या यजमानांच्या मित्राच्या फोनवर उघडून वाचावा लागला, कारण आमच्या घडीच्या फोनवर नुसते चौकोन उमटले होते. त्या चौकोनांना आम्ही ‘डबे’ म्हणत असू. मजकूर होता: “दिवाली को बेलगाव येते.” ‘को’ हा इंदुरी मराठीचा लाडका प्रत्यय, त्याला आमची हरकत नाही. पण दिवाळीचा आणि बेळगावचा ळ तिला त्या कळांत कधी सापडला नाही. रोमनमधून सुटून देवनागरीत आलो तरी आमच्या गावाचे नाव आम्हाला पुरते परत मिळाले नव्हते.

ळ हा केवळ आमचाच प्रश्न नव्हता, हे येथे मुद्दाम नोंदवतो. चळवळीतल्या काही मित्रांना ते आवडणार नाही. कन्नडमध्ये ‘हळ्ळी’ म्हणजे खेडे आणि ‘हल्ली’ म्हणजे पाल. आमच्या शेजारच्या कन्नड शिक्षकांना त्यांच्या विद्यार्थ्याने रोमन अक्षरांत निरोप धाडला होता की सुट्टीत मी माझ्या हळ्ळीला जात आहे, तो वाचून त्यांनी आम्हाला बोलावून दाखवला आणि म्हणाले, “बघा, पोरगा पालीकडे निघालाय.” फलकांवरील भाषेबाबत आमचे आणि त्यांचे कधीच जमले नाही आणि जमणारही नाही. त्या संध्याकाळी मात्र दोन्ही बाजूंचा ळ एकाच यंत्राने खाल्लेला होता.

सोय नसली की माणूस वाट काढतो. आमची वाट कॅमेऱ्यातून निघाली. जे लिहिता येत नाही त्याचे चित्र काढता येते. आम्ही पाठकोऱ्या कागदावर जाड पेनाने ठसठशीत अक्षरांत निरोप लिहू लागलो, खिडकीशी उजेडात धरून त्याचे छायाचित्र टिपू लागलो आणि चित्रसंदेश म्हणून किंवा समोरासमोर ब्लूटूथने धाडू लागलो. 640 गुणिले 480 बिंदूंच्या चित्रात साधारण सात-आठ ओळी वाचण्यासारख्या येत. त्याहून बारीक लिहिले की अनुस्वार आणि रफार विरघळून जात. ऱ्ह आणि ऱ्य यांतला मराठीचा खास आडवा र, जो दर्या आणि दऱ्या यांना वेगळे ठेवतो, तो कागदावर निब जरा दाबून काढावा लागे. एका मित्राने छापखान्यातल्या संगणकावर पत्रके जुळवून त्यांची चित्रे करण्याचा उद्योग सुरू केला. सभेला दहा मंडळी जमली की दाराशी एकेकाच्या फोनवर पत्रक उतरवण्याचा कार्यक्रम चाले, पानसुपारी दिल्यासारखा.

अक्षर जाऊ शकत नव्हते, अक्षराचे चित्र जात होते. या दोहोंतले अंतर तेव्हा फारसे जाणवले नाही. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, त्यातली ओळ उचलून दुसरीकडे नेता येत नाही, त्याला उत्तर देताना पुन्हा कागद-पेन काढावे लागते. त्या चार-पाच वर्षांत सीमाभागातल्या मराठी माणसांनी एकमेकांना लिहिलेले किती तरी मराठी अशा चित्रांत अडकून त्या फोनांबरोबरच भंगारात गेले. वाईट याचे वाटते की विनोदबुद्धीची सर्वांत चांगली पत्रे त्यातच होती. गणकयंत्राच्या दृष्टीने त्या काळात आम्ही काहीच लिहिले नाही. आमच्याकडे दाखवायला फक्त आमची रोमन मराठी आहे.

ध्वनिमुद्रणाची सोय त्या मानाने निर्मळ निघाली. मिनिटाला सुमारे 90 किलोबाइट जागा लागे आणि यंत्राला भाषा विचारायची गरज नव्हती. आम्ही तालुक्याच्या पश्चिम भागातल्या म्हाताऱ्या माणसांचे बोलणे त्यात टिपत असू. “काय करूलालास?” “येऊलालो.” ही आमच्या भागातली चालू वर्तमानकाळाची रूपे पुस्तकी मराठीत नाहीत, आणि आजच्या कोणत्याही फोनचा कळफलकही ती सुचवत नाही. दूरध्वनीच्या प्रतीचे ते मुद्रण असल्याने वरच्या कंप्रता कापल्या जात. स आणि श यांतला फरक काही ठिकाणी कानाला लागत नाही, आणि चमच्यातला च व चारातला च यांची सीमाही पुसट होते. ‘लाल’ मात्र स्वच्छ ऐकू येते. ती मुद्रणे आम्ही संगणकावर उतरवून ठेवली आहेत.

बाहेरच्या पडद्याला आणखी एक गोष्ट येत असे. बेळगाव कर्नाटकाच्या दूरसंचार वर्तुळात. शिनोळीच्या पुढे महाराष्ट्र आणि गोव्याचे वर्तुळ. चंदगडला निघालो की हद्दीच्या आसपास त्या पडद्यावर रोमिंगची खूण उगवे आणि येणाऱ्या फोनलाही पैसे पडू लागत. ज्या रेषेविरुद्ध महाराष्ट्र सरकारने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, ती त्या फोनला तंतोतंत पाठ होती.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. 2008 साली युनिकोडाच्या 5.1 या आवृत्तीत ॲ हे अक्षर स्वतंत्रपणे दाखल झाले, जे मराठीला लागते आणि हिंदीला नाही. त्यानंतर एसएमएसच्या जागतिक मानकात भारतीय भाषांच्या वर्णसारण्या आल्या. त्या वापरल्या तर 70 ऐवजी 155 वर्णांपर्यंत मजकूर एका संदेशात बसतो. त्या यादीतील भारतीय भाषा अशा: बंगाली, गुजराती, हिंदी, कन्नड, मल्याळम, ओडिया, पंजाबी, तमिळ, तेलुगू, उर्दू. दहा नावे आहेत. मराठी त्यात नाही. हिंदीच्या नावाने दिलेल्या सारणीत ळ आहे, ऱ सुद्धा आहे, म्हणजे काम अडत नाही. कोणी तरी आमची अक्षरे मांडली आणि दारावर पाटी दुसऱ्याची लावली. जेथे पाट्यांवरून लोकांनी तुरुंग पाहिले त्या गावात राहून आम्हाला हे क्षुल्लक वाटत नाही. महाराष्ट्रातून कोणी त्या वेळी हे विचारायला हवे होते. बेळगावातून आम्ही विचारू शकत नव्हतो. कर्नाटकाच्या लेखी मराठी ही त्यांची भाषा नाही आणि महाराष्ट्राच्या लेखी आम्ही त्यांच्या हद्दीत नाही.

नंतर भारत सरकारने आय.एस. 16333 या मानकाने भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर सर्व 22 अनुसूचित भाषांतील मजकूर वाचता आला पाहिजे, आणि लिहिण्यासाठी इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एक भारतीय भाषा असली पाहिजे, असे ठरवले. डबे दिसणे बंद झाले. पण तोवर बोटांना वळण लागून गेले होते. सवय लागली तेव्हा मराठी मिळत नव्हती. मराठी मिळाली तेव्हा कोणाला ती मागण्याचे भान राहिले नव्हते. परवाच एका महाविद्यालयीन मुलीला आम्ही तिच्याच फोनवर मराठी कळफलक कोठे आहे ते दाखवले. तिने ‘बेळगाव’ लिहून पाहिले, ळ सापडायला तिला अर्धा मिनिट लागला, आणि सापडल्यावर तिने तो चारपाच वेळा उगीचच उमटवला.

आमच्या घडीच्या फोनमधली नावे सिमकार्डावरून पुढच्या फोनवर गेली, तेथून त्यापुढच्यावर, आणि आजही ती तशीच रोमन अक्षरांत उभी होती. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे दुपारी बसून ती एकेक करून देवनागरीत लिहू लागलो. दोनशे चाळीसच्या आसपास नावे होती. बरीचशी सरसर झाली. काही ठिकाणी अडलो. एका गवंड्याला फोन करून विचारावे लागले की तुम्ही माळी की माली, आणि तो आधी घाबरला, मग खूप हसला. दोन नावे राहिली. एक के-ओ-एल-ई, हे गृहस्थ वडगावच्या एका सभेत भेटले होते एवढे आठवते, पण ते कोळे की कोले, ते सांगायला आता तो क्रमांक लागत नाही. दुसरे एन-ए-एल-ई. त्यांचाही लागत नाही. ती दोन तेवढी रोमनमध्येच ठेवली आहेत.